दुभाजकावरचं सूप

पाओचूबाई रस्त्याच्या बरोबर मधोमध अडकल्या, तेव्हा सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि त्यांच्या हातातल्या भांड्यातलं सूप अजून वाफाळत होतं.

सूप सुनेसाठी होतं. सून, म्हणजे फेइलिंग, बाळंत होऊन अकरा दिवस झाले होते. महिनाभर घराबाहेर पडायचं नाही, गार पाण्यात हात घालायचा नाही आणि दहा दिवस झाले की रोज दुपारी कोंबडीचं सूप प्यायचं, ही पाओचूबाईंच्या घरची रीत. आल्याच्या चकत्या काळ्या तिळाच्या तेलात कडा मुडपेपर्यंत परतायच्या, वर कोंबडी टाकायची आणि पाण्याच्या जागी तांदळाची दारू ओतायची. फेइलिंगला खरं तर बाळंतिणींसाठी निघालेल्या एका नव्या केंद्रात महिना काढायचा होता. तिथे म्हणे जेवणाच्या ताटाबरोबर ते किती गरम आहे याची चिठ्ठी येते. तेव्हा पाओचूबाईंनी तिला शब्द दिला होता, की माझं सूप चुलीवरून उतरेल ते थेट तुझ्या वाटीत पडेल. त्यांचं जुन्या गल्लीतलं घर आणि मुलाचा चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट यांत सहा मिनिटांचं तर अंतर होतं. मधला रस्ता तेवढा त्यांनी हिशोबात धरला नव्हता.

चार वर्षांपूर्वी तो रस्ता नव्हताच. तिथे भाताची शेतं होती आणि पांढरे बगळे होते. मग तैवानच्या त्या किनाऱ्यावर चिप बनवणारे कारखाने आले, कारखान्यांमागून इंजिनिअर आले, इंजिनिअरांमागून त्यांच्या गाड्या आल्या, आणि तोंगयुआन वस्ती अशी वाढायला लागली की सकाळी खिडकी उघडावी तर समोर एक मजला जास्त दिसायचा. इमारतींच्या घाईत चालणाऱ्या माणसांची आठवण कुणाला राहिली नसावी. आठ लेनच्या रस्त्याला सिग्नल होता, पण पंचवीस सेकंदांचा. अलीकडच्या चार लेन सरळ पार व्हायच्या. पलीकडच्या चार लेनांवर मात्र, त्याच हिरव्या दिव्याच्या भरवशावर, बाजूच्या रस्त्यावरून वळणाऱ्या गाड्या घुसायच्या. तरुण माणसं त्यांच्यामधून वाट काढत पळायची. त्र्याहत्तराव्या वर्षी, डाव्या गुडघ्याला पट्टा बांधून, दोन्ही हातांत भांडं धरलेल्या बाईला तसं पळता येत नाही.

म्हणून त्या दुभाजकावर चढल्या आणि तिथे त्यांना दिसलं, की आधीच कुणीतरी बसलेलं आहे.

घडीच्या स्टुलावर एक म्हातारा होता. डोक्याला गवती टोपी, पायाशी कापडी पिशवी. आपण घराच्या ओट्यावर बसलो आहोत अशा थाटात तो गाड्यांकडे बघत होता. त्यानं पिशवी उचलून जागा केली.

"बसा वहिनी. हा दिवा गेला, पुढचाही जाईल. तिसऱ्याला उठा."

"तिसऱ्यालाच का?"

"पहिल्याला दम खायचा, दुसऱ्याला मन घट्ट करायचं, तिसऱ्याला जायचं. मी इथं चिकार लोक बघितलेत."

त्याचं नाव फान थ्येनशुई. वय एक्याऐंशी. पाओचूबाई संकोचून कठड्यावर टेकल्या. दोन्ही बाजूंनी गाड्या एकसारख्या वाहत होत्या. थोड्या वेळानं तो आवाज आवाजासारखा वाटेनासा झाला, ओढ्याकाठी बसल्यासारखं वाटायला लागलं. एवढ्यात मुलाचा, होंगवेनचा, कारखान्यातून फोन आला. फेइलिंग सूपाची वाट बघते आहे, तू कुठे आहेस, असं त्यानं विचारलं.

"रस्त्यात आहे."

"कुठल्या रस्त्यात?"

"मधल्या."

"मधल्या म्हणजे कुठल्या, आई?"

"अरे, रस्त्याच्या मधल्या."

 होंगवेन म्हणाला, की तिथून हलू नकोस. पाओचूबाई म्हणाल्या, की सकाळपासून तेवढं एकच काम मला नीट जमतंय.

सूप पोचलं तेव्हा त्यावर चरबीची पिवळी साय धरली होती. फेइलिंगनं ती चमच्यानं बाजूला केली आणि सूप मुकाट्यानं प्यायली. ती काहीच बोलली नाही, आणि हेच पाओचूबाईंना फार लागलं. सुनेनं तक्रार केली असती तर निदान उत्तर तरी देता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भांडं गोधडीत गुंडाळलं. गोधडीमुळे पायाखालचं दिसेना, चाल आणखी मंदावली. तिसऱ्या दिवशी त्यांनी हिंमत करून दुभाजकावर न थांबता पुढे पाऊल टाकलं, आणि एक पांढरी गाडी इतक्या जवळून वळली की तिच्या आरशानं भांड्याचं झाकण उडवलं. झाकण गरगरत गेलं आणि एका बसखाली चपटं झालं. पाओचूबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. सूप हिंदकळून मनगटावर सांडलं, ते भाजल्याचंही त्यांना कळलं नाही. फानभाऊ स्टूल तसंच टाकून खाली उतरले, त्यांच्या कोपराला धरून त्यांना मागे घेऊन आले आणि बराच वेळ नुसते शेजारी बसून राहिले.

ही गोष्ट त्यांनी होंगवेनला सांगितली नाही. सांगितली असती तर त्यानं त्यांचं येणंच बंद केलं असतं, आणि फेइलिंगला केंद्रात पाठवलं असतं. पाओचूबाईंनी रात्रभर विचार केला. लवकर जाता येत नाही, धावता येत नाही. म्हणजे सूप मधेच गार होणार. मग ते मधेच गरम केलं तर?

चौथ्या दिवशी त्या एका हातगाडीवर भांडं आणि गॅसची छोटी शेगडी घेऊन आल्या.

समुद्राकडून सुटणारा वारा तिथे दिवसभर वाहतो. फानभाऊंनी छत्री उघडून आडोसा केला. शेगडी पेटली, मंद आचेवर सूप हळूहळू रटरटायला लागलं, आणि आल्याचा, तिळाचा, दारूचा वास आठही लेनांवर पसरला. दूरच्या इमारतींवर धूसर ऊन पडलं होतं. त्यांच्या डोक्यावरच्या क्रेन झोपेत कूस बदलावी तशा वळत होत्या. फानभाऊंनी पिशवीतून भाजलेलं रताळं काढून त्याचे दोन भाग केले.

"तुम्हाला कुठे जायचं असतं हो रोज?" पाओचूबाईंनी विचारलं. "मी आल्यापासून तुम्ही कधी उठलेलाच नाहीत."

"मला कुठेच जायचं नसतं. हा माझा बांध आहे."

मग त्यांनी सांगितलं. रस्त्याच्या या बाजूला त्यांचं शेत होतं, त्या बाजूला धाकट्या भावाचं. मधल्या बांधावरून दोघे तीस वर्षं भांडले. कुणी मातीच्या किती टोपल्या इकडून तिकडे सरकवल्या यावरून एकमेकांच्या पोरांच्या लग्नाला गेले नाहीत. मग रस्ता आला. सरकारनं दोघांची शेतं घेतली, आणि नकाशा असा काही पडला की बांध तेवढा शिल्लक राहिला.

"आणि भाऊ?"

"तो दक्षिणेला राहायला गेला, मुलीकडे. आता भांडायला यायचं तर बसनं चार तास लागतात. तो नाही येत." फानभाऊंनी रताळ्याचं साल नीट गोळा करून पिशवीत टाकलं. "मी आपला येऊन बसतो. दोन्ही बाजूंनी."

त्या दिवशी सूप उकळतं पोचलं. फेइलिंगनं एक वाटी संपवली आणि दुसरी मागितली. पाओचूबाई परत निघाल्या तेव्हा त्यांना गुडघा आहे याची आठवणसुद्धा नव्हती.

पण वास काही सुनेपुरता थांबत नाही. दुसऱ्या दिवसापासून लाल दिव्यावर थांबलेले स्कूटरवाले हेल्मेटच्या काचा वर करू लागले, गाड्यांच्या खिडक्या खाली येऊ लागल्या. वाटी कितीला म्हणून लोक विचारायचे, आणि हे बाळंतिणीचं आहे, विकायचं नाही, असं पाओचूबाई सांगायच्या. एका ट्रकवाल्याची बायको पुढच्या महिन्यात बाळंत व्हायची होती. त्यानं कृती विचारली. पाओचूबाई आल्याचं प्रमाण सांगत असताना दिवा हिरवा झाला, पण दारू कधी ओतायची हे राहिलं होतं म्हणून तो थांबला. त्याच्या मागची रांग पुलापर्यंत गेली. भोंगे वाजले. त्या रांगेतल्या कुणीतरी पोलिसांना कळवलं, की भर रस्त्यात बेकायदा खानावळ उघडली आहे.

पोलीस आला तो कू नावाचा. रात्रपाळी करून वर सकाळचीही ड्यूटी लागलेली, डोळे तांबारलेले.

"आजी, हे दुकान तुमचं का?"

"दुकान नाही, सूप आहे."

"रस्त्यावर चूल पेटवता येत नाही."

"मग मला पलीकडे जाता येईल असं करा. मला काय हौस आहे?"

हे बोलणं कूला पटलं. त्यानं शेगडी बंद करायला लावली, भांडं स्वतः उचललं आणि म्हणाला, चला, मी नेतो. दिवा हिरवा झाला. कू एक पाऊल उतरला, आणि वळणारी बस पाहून एक पाऊल चढला. पुढच्या दिव्याला पुन्हा तसंच झालं. दोन्ही हातांत भांडं असल्यामुळे त्याला हात वर करता येईना, आणि शिट्टी खिशात होती. तिसऱ्या दिव्याच्या आधी फानभाऊंनी त्याला आपलं स्टूल दिलं. कू बसला. वारा गार होता, मांडीवरचं भांडं ऊबदार होतं. दोन मिनिटांत त्याची मान छातीवर आली.

आता आश्चर्य असं, की रस्त्याच्या मधे गणवेशातला पोलीस बसलेला दिसताच गाड्यांचा वेग उतरला. तो झोपलाय हे दुरून कळत नव्हतं. वळणारे चालक झेब्रा पट्ट्यांपाशी थांबून समोरच्याला हातानं आधी जा म्हणून खुणावू लागले. एक बाई बाबागाडी घेऊन संथपणे पार झाली. मागून काठीवाले दोघे गेले. त्या रस्त्यावर इतकी शांतता कधीच झाली नव्हती. पाओचूबाईंनी कूच्या मांडीवरून भांडं अलगद उचललं, पलीकडे जाऊन सूप देऊन आल्या, रिकामं भांडं परत त्याच्या मांडीवर ठेवलं, तरी तो झोपलेलाच होता.

जागा झाल्यावर तो ओशाळला. पण दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, पाहणीसाठी म्हणून, तो पुन्हा आला. त्यानं शेगडीला वाऱ्याच्या दिशेनं पत्रा लावून दिला आणि रांग होऊ नये म्हणून दारू कधी ओतायची ते एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं. पोलीस अकराला असतो हे कळल्यावर ज्यांना ज्यांना रस्ता ओलांडायची भीती वाटायची ते सगळे अकराला येऊ लागले. कुणी भाजी घेऊन, कुणी दवाखान्याचे कागद घेऊन. दुभाजकावर आठ-दहा माणसं सहज असायची.

हे वस्तीप्रमुख वेनबाईंच्या नजरेत भरलं. दिव्याची वेळ वाढवा म्हणून त्या दोन वर्षं वाहतूक कार्यालयाला पत्रं लिहीत होत्या, आणि दर वेळी उत्तर यायचं, की या ठिकाणी पादचारी आढळून येत नाहीत. ओलांडता येत नाही म्हणून ते आढळत नाहीत, हे त्यांनी तीनदा लिहून पाहिलं होतं. आता त्यांनी गर्दीचे फोटो काढले आणि पाठवले. चौथ्या दिवशी उत्तर आलं. तपासणीसाठी इंजिनिअर येणार होता.

तो दिवस पाओचूबाईंना लग्नासारखा वाटला. त्यांनी जांभळा कोट घातला, केस बसवून घेतले, गुडघ्याला नवा पट्टा बांधला आणि ताकद यावी म्हणून आपल्याच सूपाच्या दोन वाट्या प्याल्या. वेनबाईंनी बजावलं होतं, की काकू, रोज चालता तसंच चाला, काही वेगळं करू नका. इंजिनिअर लाइ साहेब सडपातळ आणि फार सभ्य गृहस्थ होते. हातात घड्याळ, काखेत फाइल. म्हाताऱ्या बाईच्या हातात भांडं बघून त्यांना राहवलं नाही. "आजी, ते माझ्याकडे द्या," असं म्हणून त्यांनी ते घेतलं.

कूनं शिट्टी मारून वळणाऱ्या गाड्या थांबवल्या. दोन्ही फुटपाथांवर अर्धी वस्ती जमली होती. दिवा हिरवा झाला.

पाओचूबाईंना नंतर विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, मला काही आठवत नाही. सरकारी माणूस घड्याळ धरून बघतोय, सगळी गल्ली बघतेय, हात मोकळे आहेत, आणि चौदाव्या मजल्यावरच्या खिडकीत फेइलिंग बाळाला घेऊन उभी आहे, एवढंच त्यांना दिसत होतं. त्या चालल्या नाहीत, तरंगल्या. दुभाजकाकडे त्यांनी बघितलंही नाही. पलीकडच्या फुटपाथवर पाय ठेवून त्यांनी विजयानं हात वर केला.

"चोवीस सेकंद," लाइ साहेब म्हणाले आणि त्यांनी ते लिहिलं. "एक सेकंद उरतो."

वेनबाई फुटपाथच्या कडेला मटकन बसल्या. लाइ साहेबांनी अत्यंत नम्रपणे त्यांना सांगितलं, की ज्येष्ठ पादचाऱ्यालाही वेळ पुरतो असं दिसतंय, तसा अहवाल जाईल. गर्दी पांगली. चाचणी संपली म्हणून कूनं शिट्टी खिशात टाकली आणि तो नाश्त्याला गेला. पलीकडे पाओचूबाई अजून हात वर करून उभ्या होत्या. मग त्यांनी तो हात हलवायला सुरुवात केली. त्या काय सांगताहेत हे लाइ साहेबांना जरा उशिरा उमगलं. सूप त्यांच्याच हातात होतं.

ते सभ्य गृहस्थ होते, त्यामुळे भांडं पोचवायलाच हवं होतं. दिवा हिरवा होताच ते निघाले. भांडं काठोकाठ भरलेलं होतं. एक लांब पाऊल टाकलं तर सूप बुटावर आलं, म्हणून त्यांनी पावलं लहान केली. नजर भांड्यावर, त्यामुळे गाड्या दिसेनात. गाड्या बघाव्या तर सूप हिंदकळे. दुभाजकापाशी पोचताच समोरून एक स्कूटर, तिच्यामागे एक टॅक्सी आणि तिच्यामागे सिमेंटचा मिक्सर वळला. साहेब थांबले. दिवा लाल झाला.

"बसा," फानभाऊ म्हणाले. "तिसऱ्याला उठा."

लाइ साहेबांनी पुढच्या दोन दिव्यांना प्रयत्न करून पाहिले, आणि मग ते बसले. पंधरा वर्षं त्यांनी रस्ते आखले होते. कागदावर दुभाजक म्हणजे दोन बारीक समांतर रेघा. त्या रेघांच्या आत त्यांनी आजवर कधी पाय ठेवला नव्हता. गाड्यांचा वारा सदऱ्यावर येत होता. फानभाऊंनी पाओचूबाईंची दुभाजकावरच ठेवलेली शेगडी पेटवली, बांधाची गोष्ट सांगितली, रताळं दिलं. साहेबांनी विचारलं, की शेत किती रुंद होतं. फानभाऊंनी हातानं दाखवलं, त्या फुटपाथपासून इथवर. गुडघाभर पाण्यात उभं राहून हे एवढं अंतर लावणी करत जायला त्यांना अर्धा दिवस लागायचा.

"तेव्हा कुणी घड्याळ लावलं नव्हतं," ते म्हणाले.

साहेब बराच वेळ समोर बघत राहिले. त्यांना भात दिसत होता की गाड्या, हे सांगता येणार नाही. मग त्यांनी फाइल उघडली आणि अहवालात आणखी एक ओळ लिहिली. भरलेलं भांडं घेतलेला पादचारी, वय बेचाळीस, प्रकृती उत्तम, ओलांडण्यास लागलेला वेळ एकवीस मिनिटं. अजून पलीकडे पोचलेला नाही.

कार्यालयात ही ओळ कशी घ्यावी यावर दोन बैठका झाल्या म्हणतात. पण साहेबांनी स्वतः अनुभवलेलं आकड्यात लिहिलेलं होतं, ते खोडता येईना. बाळंतपणाच्या सत्ताविसाव्या दिवशी माणसं येऊन दिवा बदलून गेली. आता पन्नास सेकंद. वळणाऱ्या गाड्यांना वेगळा दिवा, आणि दुभाजकाच्या टोकांना जाड लोखंडी खांब, म्हणजे कुणी तिथे थांबलंच तर गाडी अंगावर येऊ नये. वेनबाईंनी झेब्रा पट्ट्यांवर उभं राहून फोटो काढून घेतला, घाई न करता.

पाओचूबाई त्या दिवशी घरून निघाल्या आणि सहा मिनिटांनी फेइलिंगच्या दारात उभ्या होत्या. गुडघ्यानं कुरकुर केली नाही. सूप इतकं गरम होतं, की वाटी टेबलावर ठेवून जरा थांबावं लागलं. त्यांनी दिलेला शब्द पुरा झाला होता. फेइलिंगनं एक घोट घेतला, मग दुसरा, आणि वाटीत बघत राहिली.

"आई," ती चाचरत म्हणाली, "आज सूप घाईत केलंत का?"

"का गं?"

"काही नाही. छानच आहे. पण रोजच्यासारखं मुरलेलं नाही. आलं वेगळं लागतंय, तेल वेगळं लागतंय. राग मानू नका."

पाओचूबाईंनी राग मानला नाही. घरी जाऊन त्या बराच वेळ शेगडीसमोर बसल्या. आच तीच, आलं तेच. मग त्यांनी शेगडी उचलून हातगाडीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी लाइ साहेब नव्या दिव्याची फेरतपासणी करायला आले होते. पलीकडच्या फुटपाथवर घड्याळ धरून उभे होते. दिवा हिरवा झाला, गाड्या शिस्तीत थांबल्या, पाओचूबाई निघाल्या, आणि सव्वीस सेकंद हातात असताना दुभाजकावर चढून बसल्या. साहेबांना वाटलं गुडघा दुखला. घड्याळ तसंच चालू ठेवून ते धावत आले.

"काय झालं आजी? वेळ कमी पडला का?"

"नाही हो साहेब, दिवा फार छान झालाय," पाओचूबाई शेगडीची आच बारीक करत म्हणाल्या. "सूप व्हायचंय."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. लागलेला वेळ, असा एक रकाना भरायचा होता. फानभाऊंनी स्टूल सरकवून जागा केली. दिवा लाल झाला, दोन्ही बाजूंनी गाड्या वाहायला लागल्या, आणि साहेबांनी घड्याळ बंद करून खिशात टाकलं.